चंपालालशेठांना गरम होतं

चंपालालशेठ घामाघूम झालेत असं पेठ गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. नवरात्रात अंगात चढलेला त्यांचा स्वेटर होळीलाच उतरायचा, आणि उतरला तरी घडी करून हाताशी असायचा. अशा माणसाने गुढीपाडवा होऊन चार दिवस होत नाहीत तोच जेवता जेवता जाहीर केलं, "मला आता गरमी सोसत नाय. वरच्या खोलीत एसी बसवून घेतोय." भाजी वाढणाऱ्या सूरजबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"तुमाला?" त्या म्हणाल्या.

"मला नाय तर कुणाला? वय झालं आता."

सूरजबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, भाजी वाढली आणि त्या गप्प बसल्या. शेठना वाटलं, पचलं. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा त्यांचा समज होता. बावन्न वर्षं संसार करूनही एखादा माणूस असला समज कसा काय बाळगू शकतो, हे त्यांनाच विचारायला हवं.

खरं कारण वेगळं होतं. सूरजबाईंनी गेल्या वर्षी वर्षीतप धरला होता. म्हणजे तेरा महिने एक दिवस कडक उपास आणि एक दिवस जेवण. उपासाच्या दिवशी पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं करायचं, की तप पुरा झाला. सत्तरीच्या बाईने बारा महिने हे विनातक्रार निभावलं होतं. आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, उपासाच्याच दिवशी, भर दुपारी त्या खिडकीपाशी चक्कर येऊन पडल्या. घरकामाला येणाऱ्या कोंडाबाईने बोंब ठोकली. शेठ खाली दुकानात कापड मोजत होते, ते हातातल्या लोखंडी मीटरसकट जिना चढून वर आले.

डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि रस्त्याकडच्या तापलेल्या भिंतीला हात लावून पाहिला. "एक तर उपास सोडा, नाहीतर खोली गार ठेवा," ते म्हणाले. "पुन्हा अशा पडल्या आणि डोक्याला लागलं, तर मी काही करू शकणार नाही. सरळ पुण्याला न्यावं लागेल." उपास सोडायचा विषय सूरजबाईंपुढे काढायची घरात कुणाची छाती नव्हती. महिना उरला होता. तेव्हा खोली गार करणं आलं. आणि 'तुझ्यासाठी' म्हटलं की ती 'नको' म्हणणार हे आलंच. गुडघ्याचं ऑपरेशन नको, कानाचं यंत्र नको, मऊ गादी नको. म्हणून शेठनी गरमी स्वतःच्या अंगावर घेतली. आपल्या या हुशारीवर ते दोन दिवस मनातल्या मनात खूश होते.

पुण्याहून मुलाने, प्रितमने, यंत्र पाठवलं. ते खिडकीत बसणारं नव्हतं, भिंतीला भोक पाडून आरपार बसवायचं होतं. त्यालाही कारण होतं. माडीवरच्या त्या खोलीच्या दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या अंगाला एकुलती एक खिडकी. ती खिडकी सूरजबाईंची होती. पायी विहार करणाऱ्या महासतीजी, म्हणजे त्यांच्या जैन साध्वी, पुणे-नाशिक रस्त्याने जायच्या. पांढरी वस्त्रं लांबून दिसली की सूरजबाई वरून कोंडाबाईला पिटाळायच्या, आहारपाण्यासाठी त्यांना घरी बोलवायच्या. गुडघे गेल्यापासून जिना उतरणं बंद झालं होतं, तेव्हा जगाशी संबंध काय तो तेवढ्या खिडकीतून. "एसी कुठंही लावा," त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या खिडकीला हात लावू नका."

बसवणारी माणसं गोरखने शोधली. गोरख म्हणजे पंचवीस वर्षं शेठांच्या दुकानात काम करणारा माणूस. त्याने आळेफाट्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पिकअपमधून बापलेक उतरले. बाप सावळेराम गवंडी, भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातला, बारीक आणि चिवट. लेक उज्ज्वला, आयटीआयमध्ये एसी-फ्रिजचं काम शिकलेली, आळेफाट्याला गाळा टाकून बसलेली. शेठनी आधी सावळेरामला नमस्कार केला आणि काम समजावून सांगायला लागले.

"मला नका सांगू शेटजी," सावळेराम म्हणाला, "मिस्त्री ती हाय. मी निस्ता भिंत फोडतो, तीबी ती म्हनंल तितकीच."

वर खोलीत शेठनी तयारी करून ठेवली होती. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने खिडकीला अगदी खेटून त्यांनी चौकोन आखला होता, कापडवाल्याच्या हाताने, कोपरे काटकोनात. उज्ज्वलाने तो पाहिला आणि हसू दाबलं.

"शेठ, चौकोन झ्याक काढलाय. पण इथं फोडलं तर खिडकीच्या आणि भोकाच्या मधी चार बोटं भिंत उरंल. ती उभी राहील का? आणि वर बघा."

वर छताची सागवानी तुळई बरोबर त्या चौकोनाच्या डोक्यावर टेकली होती. सावळेरामने छिन्नीच्या टोकाने एका विटेचा सांधा खरवडला, बोटांत चुरगळून पाहिला. सांधा मातीचा निघाला.

"ही भिंत एकमेकाला धरून उभी हाय," तो म्हणाला. "मधल्या चार जनी काढल्या की वरच्या खाली येत्यात."

शेवटी खिडकीपासून दीड हात लांब, तुळईच्या टेकणीपासून बाजूला जागा ठरली. ती नेमकी सूरजबाईंच्या पलंगाजवळ आली. तेवढ्यात सूरजबाई म्हणाल्या, "त्यांच्या उशाकडं होऊ द्या की पोरी. गरम त्यांना होतंय." शेठ खोकले. उज्ज्वलाने स्वेटरच्या घडीकडे पाहिलं, शेठांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग ती विजेकडे वळली, आणि शेठांचा खरा वैताग तिथून सुरू झाला. तिने बोर्ड उघडला, हिरव्या तारेचा माग काढत जिना उतरून मागच्या मोरीपर्यंत गेली आणि कपाळाला हात लावून परत आली.

"शेठ, ही अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधलीय."

"बरोबर. वडलांनी बांधून घेतली व्हती."

"तवा पाइप लोखंडी व्हता. आता प्लास्टिकचा हाय. कधी बदलला?"

"झाली असतील बारा वर्षं."

"म्हंजे बारा वर्षं तुमच्या घराला अर्थिंगच नाय. उद्या मशिनच्या पत्र्यात करंट उतरला आणि आजींचा ओला हात लागला, तर तो करंट कुठं जाणार?"

शेठांच्या डोळ्यांपुढे नको ते चित्र आलं आणि ते घाईघाईने म्हणाले, "मग आजच करून टाक."

"आज नाय व्हायचं. मागं खड्डा घ्यावा लागंल, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरावी लागंल. मीटरपासून वर ह्या मशिनसाठी वेगळी जाड तार, वेगळा खटका. भिंतीत आधी वरती भार पेलायला आडवा लिंटल बसवायचा, तो धरू द्यायचा, मग खाली फोडायचं. आठ दिवस धरा."

"आठ दिवस!" शेठ ओरडलेच. "अगं, माझ्या साडूकडं एका माणसानं दोन तासांत बसवला. आहे त्या प्लगला लावला आणि गेलाबी."

"मग त्यालाच बोलवा," उज्ज्वला शांतपणे म्हणाली आणि वही मिटली.

शेठ आयुष्यभर गिऱ्हाईक वळवत आले होते. आज आपणच गिऱ्हाईक आहोत आणि वळावंही आपल्यालाच लागणार, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आठ दिवसांत चार उपास येत होते. चार वेळा भर दुपारी बायको त्या भट्टीत बसणार. ते जिना उतरले, आणि खालून त्यांचा आवाज आला, "गोरख, मिठाची गोणी सांग रे."

लिंटल बसवायच्या दिवशी सावळेरामने छिन्नी लावली आणि हातोडा उचलला, तोच सूरजबाई म्हणाल्या, "थांबा हो भाऊ." त्यांच्या हातात पुंजणी होती. लोकरीच्या मऊ दोऱ्यांचा झुपका असतो तो. जमिनीवरचे, भिंतीवरचे किडेमुंगी न चिरडता बाजूला करायला. आज त्यांचा उपास होता, चेहरा सुकला होता, तरी त्या पलंगावरून उठल्या. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग बरोबर खुणेच्या मधून चालली होती.

शेठ म्हणाले, "अगं, आधीच उशीर..."

"होऊ दे. त्यांना काय ठाऊक, तुमाला गरम होतंय म्हणून?"

त्यांनी एकेक मुंगी हळूच कागदावर घेतली, कागद खिडकीबाहेरच्या कुंडीत झटकला. पुन्हा रांग लागली, पुन्हा घेतली. अर्धा तास गेला. सावळेराम भिंतीला टेकून बसला, हातातली तंबाखू न मळता त्याने चंची खिशात ठेवून दिली.

"आमची आई भाताच्या वाफ्यावर राब भाजायच्या आदी काठीनं समदा पाला हालवायची," तो म्हणाला. "म्हनायची, कुनी निजलं आसंल तर उठू द्या बाबांनो, मंग काडी लावा. आमाला पोरास्नी लई कट्टाळा यायचा."

सूरजबाई खुदकन हसल्या. पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या, आणि शेठनी ते दारातून पाहिलं. त्यांना एकदम बरं वाटलं आणि त्याच वेळी आपल्याला हिला असं का हसवता येत नाही म्हणून थोडं वाईटही वाटलं.

मग सावळेरामने मेन स्विच बंद करायला लावला, खाली ओट्यापुढे दोरी बांधून गोरखला उभं केलं, कुणी खालून जाऊ नये म्हणून, आणि कामाला लागला. भिंतीची अर्धी जाडी आतून फोडायची, अर्धा लिंटल सारायचा, वरून पाचर मारून घट्ट करायचा; मग तसंच बाहेरून. एकदम आरपार नाही. शेठ दर दहा मिनिटांनी वर येऊन बघत होते. "अजून एवढंच?" असं तोंडावर यायचं, पण उज्ज्वलाची नजर वर गेली की ते घड्याळ बघितल्यासारखं करून खाली जायचे.

मधले दिवस शेठनी मोजून काढले. मागच्या अंगणात खड्डा खणला गेला, पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ घातलं. कसलंसं यंत्र लावून उज्ज्वलाने आकडा तपासला, मान हलवली, अजून मीठ आणि पाणी घालायला लावलं, दुसऱ्या दिवशी परत तपासला. उपासाच्या दुपारी सूरजबाई खिडकीत बसून असायच्या, पदराने कपाळ टिपत. रात्री झोपताना शेठ न चुकता पंखा लावायचे, स्वतः दुलई ओढून घ्यायचे. पहाटे जाग आली की पंखा बंद असायचा. त्यांना वाटायचं, मला गार लागतं म्हणून हिने बंद केला असणार. वर्षभर त्यांना असंच वाटत होतं.

आठव्या दिवशी भोक पडलं. लिंटलखालच्या विटा एकेक करून निघाल्या, आणि खोलीत रस्त्याचा उजेड खिडकीखेरीज आणखी एका जागेतून आला. सावळेरामने कडा गिलावा करून गुळगुळीत केल्या. उज्ज्वलाने आधी पत्र्याचं रिकामं खोकं त्यात बसवलं, त्यावर लेवल ठेवली आणि बाहेरच्या बाजूला अगदी थोडा उतार येईपर्यंत पाचरी सारत राहिली. शेठना ते बघवेना.

"पोरी, वाकडं दिसतंय. आमच्या दुकानातलं एक फळकुट असं तिरकं नाय."

"वाकडंच पायजे. मशिनचं पाणी बाहेर पडायला हवं, आजींच्या गादीवर नाय."

"आमच्याकडं पावसात उंबरासुदीक बाहेरच्या अंगाला उतरता करत्यात शेटजी," सावळेराम म्हणाला. "सरळ ठिवला की घरात तळं."

बाहेरून भिंतीला लोखंडी अँगल ठोकले होते, त्यावर सावळेराम दोन्ही पायांनी उभा राहून दाखवून मोकळा झाला होता. लेकीने त्याला त्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. "वजन टाकून बघायचं तर पोती टाकायची. तुमी पडला असता म्हंजे?" कमरेला दोर बांधलेला म्हातारा मान खाली घालून ऐकत होता आणि मनातून सुखावत होता, हे तोंडावरून सरळ दिसत होतं. मग पंचावन्न किलोचं मशिन दोराने बांधून, आतूनच, गोरख आणि सावळेराम दोघांनी उचलून खोक्यात सारलं. बाजूच्या फटी फोमने बंद झाल्या. ठिबकणाऱ्या पाण्याची नळी खाली कुंडीत सोडली. उज्ज्वलाने खटका वर केला, रिमोटचं बटण दाबलं, आणि मशिनने एक खोल श्वास सोडला. गार वारा पलंगावर आला. शेठांच्या अंगावर सरसरून काटा आला, तरी ते मोठ्याने म्हणाले, "वा! आता जीवात जीव आला."

"एक काम राहिलं," उज्ज्वला म्हणाली. "ह्या खोलीत जो जो झोपतो, त्यानं मला चालू-बंद करून दाखवायचं. तोंडी नाय, हातानं. वास आला, ठिणगी दिसली, तर रिमोट शोधत बसायचं नाय. हा खटका खाली. करा शेठ."

शेठनी केलं. खाली, वर. शाबासकी मिळाली.

"आता आजी."

सूरजबाई उठल्या, खटक्यापाशी गेल्या, आणि त्यांनी तो नीट खाली केला. "बंद करता येतो मला," त्या म्हणाल्या. "पुरे."

"आता चालूबी करून दाखवा."

"ते नाय करायची मी. माझा नियम हाय."

शेठना आणि बापलेकांना काही कळेना. सूरजबाईंनी हात पदरात घेतले आणि पोरीला समजावून सांगावं तसं सांगितलं. "वाऱ्यातबी जीव असतात आमच्यात. वर्षीतप धरला त्या दिवशी मी महासतीजींकडून नियम घेतला. स्वतःसाठी वारा घ्यायचा नाय. पंखा नाय, हातपंखा नाय, दुसऱ्याला लाव म्हणायचं नाय, माझ्यासाठी कुणी लावला तर त्यात बसायचं नाय. आखातीजपर्यंत."

शेठ बायकोकडे बघतच राहिले. "पंखासुदीक?"

"मला ठावं व्हतं," स्वयंपाकघरातून कोंडाबाई म्हणाली. "दिसभर बंदच आसतो की."

"मलाबी," दारात उभा असलेला गोरख पुटपुटला आणि लगेच जीभ चावली.

आख्ख्या घराला ठाऊक होतं. रात्री आपण लावायचो तो पंखा ही आपल्याला झोप लागली की उठून बंद करत होती, आणि आपण समजत होतो आपल्याला गार लागू नये म्हणून. बाईने बारा महिने, त्या तव्यासारख्या तापणाऱ्या भिंतीशेजारी, वाऱ्याच्या एका झुळकीशिवाय काढले होते, आणि बरोबर खाली दहा फुटांवर बसलेल्या नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. सावळेरामने लेकीच्या दंडाला हात लावला. "चल, खाली अँगल बघू," तो म्हणाला, आणि सगळ्यांना घेऊन जिना उतरला. अँगलकडे बघायला चौघं लागत नाहीत, पण शहाणा माणूस होता.

दोघंच राहिले.

"मग भिंत फोडू का दिली?" शेठ म्हणाले.

"तुमी म्हणालात, तुमाला गरम होतंय. नवऱ्याला गरम होत असंल तर मी अडवायचं का?" सूरजबाई जरा थांबल्या. "पण बावन्न वर्षांत तुमाला गरम झालेलं मी पाहिलं नाय. आता सरळ विचारते. तुमच्यासाठी बसवला असंल तर मी इथंच बसीन, त्यात माझा नियम मोडत नाय. माझ्यासाठी बसवला असंल तर मी स्वयंपाकघरात पथारी टाकते. खरं सांगा. आज माझा उपास हाय, आज माझ्याशी खोटं बोलू नका."

स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याखालची खोली, याहून दुप्पट तापणारी. शेठनी तोंड उघडलं. 'माझ्यासाठीच' हे दोन वेळा जिभेवर आलं आणि दोन्ही वेळा ते परत गेलं. गिऱ्हाइकाला दुपट्टा दाखवताना त्यांनी हजार थापा मारल्या असतील, पण ही बाई समोर उपाशी उभी होती.

"तुझ्यासाठी आणला," ते म्हणाले.

सूरजबाईंनी मान डोलावली आणि गुडघ्यावर हात ठेवून दाराकडे निघाल्या.

"थांब. पुरतं ऐकून घे." शेठ म्हणाले. "तू पडलीस त्या दिवसापासून मला खाली बसवत नाय. वर एखादं भांडं वाजलं, पाट सरकला, की मला दरदरून घाम फुटतो. समोर गिऱ्हाईक असतं आणि मी छताकडं बघत बसतो. गोरखला विचार, दिवसाला दोन सदरे बदलतो मी. खाली घाम येतो, आणि इथं तुझ्यापाशी येऊन बसलो की थांबतो. हे काय खोटं नाय, सूरज. मला गरम होतंय."

चारचौघांतच काय, एकांतातही त्यांनी तिला नावाने कितीदा हाक मारली असेल, बोटांवर मोजण्याइतकी. सूरजबाई दारात थांबल्या.

"मग एवढे दिवस वर का नाय येऊन बसलात?"

"भरल्या दुकानातनं उठून बायकोपाशी जाऊन बसायचं? गाव काय म्हणंल?" शेठनी नाक पुसलं. "एसीत बसायला जातो म्हटलं तर कुणी काय म्हणत नाय."

मनातल्या मनात सूरजबाई हिशेब मांडत असाव्यात, नियमाचा आणि नवऱ्याचा. मग त्या परत आल्या आणि खिडकीपाशी आपल्या जागेवर बसल्या.

"तुमी बसाल तेवढाच चालू," त्या म्हणाल्या. "तुमी उठलात की बंद. तुमीच लावायचा, तुमीच बंद करायचा. आणि मधेच उठून दुकानात पळायचं नाय."

"नाय पळत."

त्या दिवसापासून रोज साडेअकराला चंपालालशेठ गोरखच्या हाती दुकान देऊन वर जायचे. वर जायचे ते कानटोपी घालून. मशिन लावायचे, दुलई पांघरून पलंगावर बसायचे आणि पाच वाजेपर्यंत हलायचे नाहीत. शिंका यायच्या, नाक वाहायचं, तरी मशिनचा आकडा ते वाढवायचे नाहीत. सूरजबाई खिडकीत. आधी चार दिवस काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. बावन्न वर्षांत दुपार अशी एकत्र कधी आलीच नव्हती. मग हळूहळू सुचायला लागलं. लग्नाच्या वरातीत हरवलेला सासऱ्यांचा फेटा निघाला, प्रितमच्या बारशाचा घोटाळा निघाला, एकदा तर कोंडाबाई म्हणाली की दोघं इतकी हसत होती की तिला वाटलं टीव्ही लागलाय. सूरजबाईंना परत चक्कर आली नाही.

आखातीजेला पारणं झालं. नारायणगावहून काढून आणलेला उसाचा ताजा रस, प्रितम आणि त्याची बायको रीना, सगेसोयरे, आशीर्वाद द्यायला आलेल्या महासतीजी, सगळं यथासांग. पहिला पेला शेठनी दिला. अर्धा रस बायकोच्या साडीवर सांडला, आणि त्या गर्दीत त्या एवढंच म्हणाल्या, "नीट धरा की." तप पुरा झाला. पाहुणे परतले.

दुसऱ्या दिवशी शेठ नऊला दुकानात येऊन बसले. साडेअकरा वाजले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत. नियम संपला होता, आता तिला हवा तेव्हा पंखा लावता येत होता, एसी लावता येत होता. आता कशाच्या नावाने वर जायचं? एका नवरीचा बस्ता चालला होता. साडी उलगडताना त्यांचं लक्ष छताकडेच होतं.

बाराच्या सुमाराला ओट्यावरून गोरखने आत डोकं घातलं. "शेठ, वरचा एसी चालू झाला."

"कोंडाबाईनं लावला असंल."

"कोंडाबाई कवाच दळणाला गेली."

शेठनी हातातली साडी तशीच बस्तेवाल्यांच्या मांडीवर ठेवली आणि जिना चढून गेले. सूरजबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बटण दाबलं होतं.

"बरोबर लागला ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर लागला. तुला गरम होतंय व्हय?"

"मला नाय," सूरजबाई म्हणाल्या आणि बाजूला सरकून त्यांनी जागा केली. "वाटलं, तुमाला होत असंल."

"लई होतंय," चंपालालशेठ म्हणाले, आणि कुडकुडत तिच्या शेजारी बसले.